एक्सेलमधले दिवे कोडने लावले, तरी दर बिलाला का बिघडतात?

माझे मामा गावात दूध संकलन केंद्र सांभाळतात. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, यंत्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सांगतं, दहा दिवसांनी बिल निघतं. त्या दहा दिवसांची एक्सेलची वही मी करून दिली आहे. प्रत्येक सभासदाच्या फॅटच्या आकड्याला एक दिवा: ४ किंवा जास्त असेल तर हिरवा, ३.५ पासून ४ च्या आत पिवळा, त्याखाली लाल. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून भाव निघतो, म्हणून लालची हद्द ३.५. दर वेळी हाताने लावायचा कंटाळा, म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंगमधले (आकडा बघून सेल सजवणारे नियम) आयकॉन सेट, म्हणजे चिन्हांचे संच, लावणारा छोटा मॅक्रो (एक्सेलच्या व्हीबीए भाषेतला कोड) लिहिला. पहिल्या बिलाला झकास चालला.

दुसऱ्या बिलाला मामांचा फोन. "अरे, अख्ख्या गावाच्या गाई एका रात्रीत बिघडल्या का? झाडून सगळे लाल!"

त्यानंतर वर्षभरात तसाच फोन पाच-सहा वेळा आला. कधी सगळे लाल, कधी दिवेच गायब, कधी मॅक्रोत हद्द बदलली तरी पत्रक ढिम्म. मामांच्या लेखी तक्रार एकच, "तुझे दिवे परत गेले." माझ्या लेखी मात्र दर वेळी कारण वेगळं निघालं. ज्या क्रमाने आता मी तपासतो त्या क्रमाने इथे मांडतोय. एक खुलासा आधीच: कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती इंग्रजीतच लिहायची, आकडेही इंग्रजी. व्हेरिएबल 'आयकॉनसेटकंडिशन' या प्रकाराचं जाहीर केलंत की टिंब दिल्यावर यादी उघडते, तिथून निवडलं की स्पेलिंगची चिंता नाही.

सगळे लाल: टक्क्यांचा घोळ

माझ्या पहिल्या मॅक्रोत आयकॉन सेट जोडायची आणि तीन दिव्यांचा संच निवडायची, एवढ्या दोनच ओळी होत्या. हद्द कुठेच लिहिली नव्हती. तरी पहिल्या बिलाला दिवे बरोबर पडले, म्हणून मी खूश होतो.

हद्द दिली नाही तर एक्सेल स्वतःची घेतो. तीन चिन्हांच्या संचाला ३३ आणि ६७ टक्के, चारच्या संचाला २५, ५०, ७५, पाचच्या संचाला २०, ४०, ६०, ८०. हे टक्के कशाचे, ते नीट समजून घेतलं पाहिजे. आकड्याचे नाहीत, सभासदांच्या संख्येचेही नाहीत. त्या पट्ट्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा आणि त्यांच्यामधल्या अंतराचे ३३ टक्के मोजायचे.

पहिल्या बिलाला सगळ्यात कमी फॅट ३.१ होतं, सगळ्यात जास्त ४.४. अंतर १.३. त्याचे ३३ टक्के म्हणजे ०.४३, ते ३.१ मध्ये मिळवले की ३.५३. ६७ टक्क्यांचा हिशोब ३.९७ वर येतो. मला हव्या होत्या ३.५ आणि ४. योगायोगाने जुळलं, आणि त्या योगायोगाने माझी चूक दहा दिवस झाकली.

दुसऱ्या बिलात कुणीतरी म्हशीच्या दुधाची एक नोंद गाईच्या रकान्यात टाकली, ७.२. आता अंतर झालं ४.१. पिवळ्याची हद्द गेली ४.४५ वर आणि हिरव्याची ५.८५ वर. एका म्हशीने गावातल्या सगळ्या गाई लाल करून टाकल्या. चुकीची नोंद एकच, पण लाल दिवा पडला बाकीच्या सगळ्यांवर, आणि जिची नोंद चुकली ती तेवढी हिरवीगार. म्हणून शोधणारा हमखास उलट्या दिशेने शोधतो.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त धोक्याचं, कारण तेव्हा फोन येत नाही. पावसाळ्यात कोवळा चारा सुरू झाला की फॅट उतरतं. सगळे आकडे ३.० ते ३.४ मध्ये आले, तर ६७ टक्क्यांची हद्द ३.२७ वर येते. मग ३.३ फॅटला हिरवा दिवा! सभासद म्हणणार माझं दूध चांगलं, आणि बिलात मात्र कपात.

इलाज म्हणजे हद्द आकड्यातच लिहायची ('पट्टा' म्हणजे फॅटचे सेल, 'वही' म्हणजे वर्कबुक):

डिम दिवे ॲज आयकॉनसेटकंडिशन
सेट दिवे = पट्टा.फॉरमॅटकंडिशन्स.ॲडआयकॉनसेटकंडिशन
दिवे.आयकॉनसेट = वही.आयकॉनसेट्स(एक्सएल३ट्रॅफिकलाइट्स१)
विथ दिवे.आयकॉनक्रायटेरिया(२)
.टाइप = एक्सएलकंडिशनव्हॅल्यूनंबर
.व्हॅल्यू = ३.५
.ऑपरेटर = एक्सएलग्रेटरइक्वल
एन्ड विथ

तसंच क्रमांक ३ ला ४. क्रमांक १ म्हणजे तळाचा दिवा. त्याला खालची सीमा नसते, तिथे आकडा लिहायला जाऊ नका. दुसऱ्याच्या खाली जे उरेल ते सगळं त्याचं. टाइप आधी, व्हॅल्यू नंतर, हा क्रम मी पाळतो. ऑपरेटर विसरू नका. बरोबर ३.५ फॅट आणणाऱ्याला पिवळा की लाल, हे त्या एका ओळीवर ठरतं, आणि ज्याचं दूध बरोबर ३.५ आहे तो माणूस हे विचारायला नक्की येतो.

हद्द वारंवार बदलणार असेल तर व्हॅल्यूमध्ये आकड्याऐवजी सेलचा पत्ता देता येतो, बरोबरच्या चिन्हाने सुरू करून आणि दोन्हीकडे डॉलर लावून. मी वर कोपऱ्यात दोन सेल ठेवले आहेत. मामा तिथे ३.५ चं ३.४ करतात, मॅक्रोला हात लावायची गरज नाही.

पर्सेंट आणि पर्सेंटाइल एकच समजून 'पर्सेंटाइल घेतलं की म्हशीचा प्रश्न सुटेल' असाही सल्ला मिळतो. पर्सेंटाइल क्रमवारीवर चालतं, त्यामुळे एका भलत्या आकड्याने फारसं हलत नाही, हे खरं. पण त्यातही कुणीतरी शेवटचा असतोच आणि त्याला लाल मिळतोच, मग त्याचं दूध कितीही चांगलं असो. स्पर्धेच्या निकालाला ते ठीक. भावाला नाही.

याच जातीची आणखी एक चूक मी हजेरीच्या पत्रकात केली होती. सेलमध्ये ७५% दिसतं, म्हणून हद्द ७५ लिहिली. सेलच्या पोटात ०.७५ असतं. सगळे लाल. हद्द ०.७५ लिहा.

मॅक्रो बदलला, चालवला, काहीच बदललं नाही

यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

मामा म्हणाले, उन्हाळ्यापुरती लालची हद्द ३.३ कर. तेव्हा कोपऱ्यातले सेल नव्हते, आकडा मॅक्रोत होता. बदलला, चालवला. दिवे जसेच्या तसे. वही बंद करून उघडली, तसेच. मॅक्रोत मुद्दाम ९ लिहिलं, म्हणजे सगळे लाल व्हायला हवेत. तरी तसेच!

झालं होतं असं: आयकॉन सेट जोडणारी ओळ जुना नियम बदलत नाही, दर वेळी नवा जोडते. आणि कोडने जोडलेला नियम रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभा राहतो. एका सेलवर दोन आयकॉन सेट आले तर पुढच्याचं चालतं. म्हणजे माझा नवा नियम इमानदारीत लागत होता, पण त्याच्यापुढे मागच्या सहा बिलांचे सहा नियम उभे होते. एक्सेलच्या खिडकीतून हाताने नियम केला की तो रांगेत पहिला बसतो, म्हणून हाताने केलेलं चालतं आणि कोडने केलेलं चालत नाही असा भास होतो.

मॅक्रो रेकॉर्ड करून बघितलात तर त्यात 'सेटफर्स्टप्रायॉरिटी' नावाची एक ओळ येते. रेकॉर्ड केलेला कोड आवरताना लोक ती अडगळ समजून काढतात. मीही काढली होती. ती ओळ नव्या नियमाला पुढे आणते आणि त्यामागचा कोड 'नियम क्रमांक १' म्हणून त्यालाच धरतो. ती काढली की क्रमांक १ म्हणजे दुसराच कुठला तरी जुना नियम, आणि तुम्ही त्याच्यावर काम करत बसता.

पण नुसतं पुढे आणून भागत नाही. मागची गर्दी तशीच राहते आणि वही जड होत जाते. आधी झाडलोट, मग नवा नियम ('पान' म्हणजे शीट):

फॉर क्र = पान.सेल्स.फॉरमॅटकंडिशन्स.काउंट टू १ स्टेप -१
इफ पान.सेल्स.फॉरमॅटकंडिशन्स(क्र).टाइप = एक्सएलआयकॉनसेट्स देन पान.सेल्स.फॉरमॅटकंडिशन्स(क्र).डिलीट
नेक्स्ट

उलटं मोजायचं, कारण पुढून पुसत गेलं की क्रमांक सरकतात आणि मधले नियम सुटतात. सरसकट सगळे नियम पुसणारी एकच ओळही आहे, पण तिने थकबाकी दाखवणारे रंगही पुसले जातात. मी एकदा पुसले आहेत. 'फॉर ईच' वापरणार असाल तर फिरणारं व्हेरिएबल 'ऑब्जेक्ट' प्रकाराचं ठेवा. या यादीत साधे नियम, रंगपट्ट्या, आयकॉन सेट अशा वेगवेगळ्या जाती एकत्र असतात. 'फॉरमॅटकंडिशन' प्रकाराचं ठेवलंत तर पहिला आयकॉन सेट आला की त्रुटी १३.

नियम किती साचलेत हे बघायचं असेल तर नियम-व्यवस्थापनाच्या खिडकीत वरच्या यादीतून 'धिस वर्कशीट' निवडा. खिडकी उघडताना 'करंट सिलेक्शन' असतं आणि निवडलेल्या सेलपुरतेच नियम दिसतात. मी तिथे पहिल्यांदा बघितलं तेव्हा यादी संपेचना. त्यातले काही मॅक्रोचे, आणि बरेच मामांच्या कॉपी-पेस्टचे. मधल्या ओळी कापून दुसरीकडे चिकटवल्या की नियमाचा पट्टा तुटतो आणि त्याचे तुकडे होतात. हद्द टक्क्यांत असेल तर प्रत्येक तुकडा आपापला लहान-मोठा आकडा काढतो, म्हणजे एकाच फॅटला वरच्या तुकड्यात पिवळा आणि खालच्यात लाल. आकड्यात असेल तर निदान निकाल तरी सारखा लागतो. चिकटवताना 'व्हॅल्यूज' निवडा असं मामांना सांगून झालं. ऐकतील असं वाटत नाही. म्हणून मॅक्रो दर बिलाला आधी झाडतो, मग लावतो.

पत्रकाला पासवर्ड असेल तर नियम जोडताना त्रुटी १००४ येते. संरक्षण लावताना 'युजरइंटरफेसओन्ली' खरं ठेवलं की कोडला मोकळीक मिळते, पण ही सवलत फाइलमध्ये जपली जात नाही. वही उघडताच चालणाऱ्या मॅक्रोत ती दर वेळी नव्याने द्यावी लागते.

खाड्याच्या दिवशी लाल दिवा

दूध आलंच नाही तर तो खाडा. सेल रिकामा असेल तर दिवा येत नाही, ठीक. पण केंद्रावरचा मुलगा शिस्तीचा, तो रिकामं ठेवत नाही, शून्य लिहितो. शून्य हा आकडाच, आणि ३.५ च्या खालचा. लाल!

मी आधी हुशारी केली. २०१० पासूनच्या एक्सेलमध्ये संचातलं एखादं चिन्ह काढून तिथे 'चिन्ह नको' असं ठेवता येतं. चार चिन्हांचा संच घेऊन तळाच्याला 'चिन्ह नको' आणि वर तीन दिवे अशी मिसळ केली. छान दिसायची. पुढे ती कशी अंगाशी आली ते खाली येईलच.

साधा मार्ग हा: आयकॉन सेटच्या पुढे एक साधा नियम, सेलची किंमत शून्याइतकी असेल तर. त्याला रंग-बिंग काही द्यायचं नाही, फक्त 'स्टॉपइफट्रू' खरं ठेवायचं आणि त्याला रांगेत पहिला बसवायचं. शून्य दिसलं की एक्सेल तिथेच थांबतो, दिव्यापर्यंत पोचतच नाही. इथे 'सूत्र' प्रकारचा नियम न वापरता 'सेलची किंमत' प्रकारचा वापरतो, त्याला कारण आहे. कोडने सूत्राचा नियम देताना त्यातला डॉलर नसलेला पत्ता एक्सेल त्या वेळी कर्सर ज्या सेलवर आहे तिथून मोजतो. कर्सर भलतीकडे असला की नियम दोन ओळी खाली सरकून लागतो.

दिवेच नाहीत: आकड्यासारखा दिसणारा मजकूर

रकान्यात काही सेलना दिवा आहे, काहींना नाही, तर जवळजवळ नेहमी ते सेल मजकूर असतात. डावीकडे चिकटलेले दिसतात, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असू शकतो. 'इझनंबर' लावून बघा, असत्य आलं की निदान झालं. आमच्या यंत्रातून निघणाऱ्या फाइलमध्ये आकड्यामागे एक जागा सुटलेली येते. ती साधी स्पेस असेल तर 'ट्रिम' काढतं. १६० क्रमांकाची न तुटणारी स्पेस असेल तर ट्रिमला ती दिसतच नाही, 'सब्स्टिट्यूट'ने काढावी लागते.

कालच्यापेक्षा वर की खाली

मामांना मग बाण हवे झाले. आजचं फॅट कालच्यापेक्षा वाढलं तर वर, उतरलं तर खाली. मला वाटलं, हद्दीत शेजारच्या सेलचा पत्ता दिला की झालं.

होत नाही. आयकॉन सेटच्या हद्दीत सापेक्ष पत्ता चालतच नाही, एक्सेल नकार देतो. हीच अट रंगपट्टी आणि डेटा बारलाही आहे. डॉलर लावला तर चालतो, पण मग पूर्ण रकान्याची तुलना एकाच सेलशी होते.

यावर सगळीकडे मिळणारा उपाय म्हणजे कोडने एकेका सेलवर फिरायचं आणि प्रत्येकाला त्याच्या शेजाऱ्याचा पक्का पत्ता देऊन वेगळा नियम लावायचा. चालतं. पण दोनशे सभासद, दोन वेळा, दहा दिवस म्हणजे चार हजार नियम. वही उघडताना चहा पिऊन येता येतो. आणि एकदा ओळी क्रमाने लावल्या की कुठला नियम कुणाशी तुलना करतोय, देवाला माहीत.

त्यापेक्षा शेजारी एक अरुंद रकाना घ्या. त्यात आजचं वजा कालचं. त्या अख्ख्या रकान्याला बाणांचा एकच नियम: वरच्या बाणाला शून्यापेक्षा मोठं, मधल्याला शून्य किंवा मोठं, उरलेल्याला खालचा बाण. 'शोआयकॉनओन्ली' खरं ठेवलं की आकडा दिसत नाही, नुसता बाण. आकडा सोबत असेल तर चिन्ह सेलच्या डाव्या कडेला चिकटून बसतं. नुसतं चिन्ह असलं की सेलचं अलाइनमेंट पाळतं, मधोमध आणता येतं. फार लहान दिसत असेल तर फॉन्ट वाढवा, चिन्ह त्याच्याबरोबर वाढतं.

इथे एक खोच आहे. मामा म्हणाले, दशांशाच्या एका घराने सुद्धा हललं तर बाण दाखव, पण त्याहून बारीक नको. म्हणून वरच्या बाणाची हद्द ०.१ केली. ३.७ चं ३.८ झालं, तरी बाण वर जाईना! संगणकाच्या हिशोबात ३.८ वजा ३.७ म्हणजे ०.०९९९९९९९९९९९९९९६ असं काहीतरी येतं, आणि ते ०.१ पेक्षा लहान. वजाबाकीला 'राउंड' लावून एका घरावर आणली, तेव्हा बाण शहाणे झाले. सेलचं फॉरमॅट ०.१ दाखवतं यावर विसंबू नका. दिवा आणि बाण फॉरमॅट बघत नाहीत.

पायथनने रातोरात दिवे खाल्ले

यंत्राच्या फाइली वहीत हाताने ओतायचं काम टाळायला मी ओपनपायएक्सएल (एक्सेलच्या फाइली वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) वापरून पायथनची स्क्रिप्ट लिहिली. रात्री आपोआप चालते, आकडे भरते, वही सेव्ह करते. सकाळी आकडे होते, दिवे नव्हते. माझी ती चार चिन्हांची हुशार मिसळ साफ गायब. थकबाकीचे साधे रंग मात्र जागेवर.

हाताने स्क्रिप्ट चालवली तेव्हा एक इशारा दिसला. त्याचा अर्थ असा की कंडिशनल फॉरमॅटिंगचा 'एक्सटेन्शन' भाग मला समजत नाही, तो काढून टाकतोय. रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टचा इशारा वाचायला कोण बसलंय?

कारण इतिहासात आहे. आयकॉन सेट आले एक्सेल २००७ मध्ये, आणि फाइलचा मूळ नमुनाही त्याच वेळचा. २०१० मध्ये जे नवं आलं, म्हणजे तीन तारे, तीन त्रिकोण, पाच चौकोन, चिन्हांची मिसळ, 'चिन्ह नको', दुसऱ्या शीटवरच्या सेलशी तुलना, ते सगळं एक्सेल त्याच फाइलच्या एका जोड-कप्प्यात ठेवतो. एक्सेल दोन्ही वाचून एकत्र दाखवतो, आपल्याला फरक कळत नाही. ओपनपायएक्सएल मूळ भाग वाचतं आणि जोड-कप्पा सोडून देतं. सेव्ह केलं की तो गेला. एकदा गेला की परत आणायला जुनी प्रतच लागते.

त्यामुळे पायथन मध्ये येणार असेल तर २००७ चेच संच वापरा: बाण, रहदारीचे दिवे, झेंडे. मिसळ करू नका. खाड्यासाठी वरचा 'स्टॉपइफट्रू'चा उपाय आहेच. वही मॅक्रोची असेल तर ती उघडताना 'कीप व्हीबीए' खरं द्यायला विसरू नका, नाहीतर दिव्यांबरोबर मॅक्रोही जातील.

नियमही पायथननेच लावायचे असतील तर दोन लायब्ररींच्या सवयी उलट्या आहेत, आणि एकीकडचा नमुना दुसरीकडे चिकटवला की डोकं फिरतं. ओपनपायएक्सएलच्या 'आयकॉनसेटरूल'मध्ये जितकी चिन्हं तितके आकडे लागतात, लहानाकडून मोठ्याकडे, तळाच्यासकट. तीन दिव्यांना ०, ३.५, ४. व्हीबीएच्या सवयीने दोनच दिलेत तर फाइल बनते, पण उघडताना एक्सेल दुरुस्ती करू का विचारतो. एक्सएलएसएक्सरायटरमध्ये मोठ्याकडून लहानाकडे द्यायचं आणि तळाचा सोडायचा: ४, मग ३.५, बस. ती लायब्ररी जुनी फाइल उघडत नाही, नवीच बनवते, त्यामुळे तिथे नियम साचायचा प्रश्न येत नाही. ओपनपायएक्सएलमध्ये मात्र साचतात, आणि तिथेही नवा नियम जुन्याच्या मागेच जातो. मी शीटची नियमांची यादी आधी कोरी करून टाकतो, मग थकबाकीच्या रंगांसकट सगळे नियम स्क्रिप्टमधूनच पुन्हा लावतो.

बरोबर ३.५ ला लाल हवा असेल, म्हणजे 'मोठं किंवा बरोबर' ऐवजी निव्वळ 'मोठं', तर ओपनपायएक्सएलच्या सोप्या रूलमध्ये ती सोय नाही. प्रत्येक हद्दीचं 'फॉरमॅटऑब्जेक्ट' वेगळं बनवून त्यात 'जीटीई' खोटं ठेवावं लागतं.

पायथनबद्दल एक गंमत जाता जाता. केंद्रावरचा मुलगा कधी कधी व्हॉट्सॲपवर देवनागरीत '३.८' पाठवतो. पायथनचं 'फ्लोट' ते निमूट ३.८ म्हणून घेतं. पण फ्लोट न करता तसंच सेलमध्ये लिहिलंत तर तो मजकूर, आणि दिवा नाही.

मामांच्या फोनवर दिवे नाहीत

शेवटचा फोन सगळ्यात सोपा होता आणि मला सगळ्यात उशिरा कळला. माझ्याकडे दिवे दिसतात, मामांकडे नाहीत. फाइल तीच. मामा ती व्हॉट्सॲपवरून फोनवर गूगल शीट्समध्ये उघडत होते. गूगल शीट्सच्या कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये रंग आहेत, रंगांची चढती पट्टी आहे, आयकॉन सेट नाहीत. कोडचा काही दोष नाही. वर तिथेच दुरुस्ती करून परत एक्सेलमध्ये उतरवून पाठवलीत तर नियम गेलेलेच परत येतात.

दोन्हीकडे दिसायला हवं असेल तर आयकॉन सेट सोडा आणि नंबर फॉरमॅट वापरा. नंबर फॉरमॅटमध्ये चौकोनी कंसात अट आणि रंग देता येतो: ४ किंवा जास्त असेल तर हिरवा ▲ आणि आकडा, ३.५ पेक्षा कमी असेल तर लाल ▼ आणि आकडा, बाकी सगळ्यांना ●. अटी दोनच चालतात आणि उरलेलं तिसऱ्या भागात, पण तीन दिव्यांना तेवढं पुरतं. सेलमधला आकडा आकडाच राहतो, बेरीज-सरासरी बिघडत नाही, नियम साचत नाहीत, आणि पायथनही ते खात नाही.

हे फॉरमॅट व्हीबीएतून लावताना ▲ थेट कोडमध्ये चिकटवू नका. व्हीबीएच्या एडिटरला युनिकोड झेपत नाही, तिथे प्रश्नचिन्ह उमटतं. 'सीएचआरडब्ल्यू' वापरून ९६५०, ९६६० आणि ९६७९ हे क्रमांक द्या, म्हणजे अनुक्रमे ▲, ▼ आणि ●. मराठी मजकुराचंही तेच. कोडमध्ये सभासदाचं नाव मराठीत लिहायला गेलात तर प्रश्नचिन्हांची रांग लागते. मजकूर शीटच्या एका सेलमध्ये ठेवा आणि कोडने तिथून उचला.

मामांची वही आता अशी आहे: फॅट आणि एसएनएफला नंबर फॉरमॅट, कालच्या-आजच्या फरकाला बाणांचा एक नियम, तोही फक्त माझ्या संगणकावर बघायला. म्हशीसाठी वेगळा रकाना केलाय आणि गाईच्या रकान्यात ५.५ च्या वरचा आकडा टाकला की डेटा व्हॅलिडेशन आधी विचारतं, "म्हैस का?"